फारहाउसच्या दारावरची पाटी

गेर्लिंगेन,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
कीर्तीचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही तिघं मजेत आहोत. रुपेशला कंपनीने नव्या प्रोजेक्टवर घेतलंय, त्यामुळे तो घरी येतो तो फक्त जेवायला. ईप्सिताचा पुढचा दात पडला आणि पोरगी आरशासमोरून हलायला तयार नाही. तुमच्या गुडघ्याचं आईकडून कळलं. डॉक्टरचं ऐका, एवढंच सांगते. ऐकणार नाही हेही माहीत आहे.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुमच्या लेकाचं, उज्ज्वलचं नाव निघालं की तुम्ही फोन आईच्या हातात देता. पत्राचं तसं नाही. रेल्वेत जन्मभर गार्ड होतात, हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही खाली ठेवत नाही. तेव्हा वाचा.

गेल्या मे महिन्यात येनाला उज्ज्वलने योहानेसशी लग्न केलं तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोललेला नाहीत. त्यावर आज वाद घालत नाही. योहानेस ल्यूथरन चर्चचा पाद्री आहे. येनाजवळच्या ज्या खेड्यात तो होता तिथे कोणी हूं की चूं केलं नाही. उलट लग्नाला बायकांनी केक करून आणले होते. पण त्याची आई आता थकली, एकटी राहते, म्हणून त्याने तिच्या गावी, लिंडेनवाइलला, जागा मागितली. आमच्याकडून बसने अर्धा तास. उज्ज्वललाही जवळच लेन्सच्या कंपनीत नोकरी मिळाली. सगळं जुळून आलं आणि माशी शिंकली.

इथे पाद्र्याला ठरवून दिलेल्या घरातच राहावं लागतं. त्याला फारहाउस म्हणतात. राहायचं म्हणजे राहायचंच, नियम आहे. पण या चर्चच्या प्रत्येक प्रांताचे कायदे निराळे, आणि या प्रांतात पाद्र्याचा जोडीदार पुरुष असला तर गावच्या चर्च-समितीची संमती लागते. बायको असती तर कोणी ढुंकून विचारलं नसतं. म्हणजे योहानेसने घराबाहेर राहायचं नाही आणि उज्ज्वलने घरात राहायचं नाही! लग्न देशाच्या कायद्याने झालंय, रीतसर, सहीशिक्क्यानिशी. आणि समितीचे अध्यक्ष क्रांत्ससाहेब म्हणतात की गावाला जरा वेळ द्यायला हवा. कसला वेळ? पाव फुगायला ठेवलाय का? बाबा, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय आणि तो उज्ज्वल मलाच शांत राहायला सांगतो.

आईला गरम पाण्याची पिशवी वापरायला सांगा, कपाटात ठेवायला पाठवलेली नाही. लोभ आहेच, त्यातला थोडा येनाच्या दिशेनेही वळवावा.

आपली,
कीर्ती

*

भुसावळ,
२६ जानेवारी २०२५

चि. कीर्ती हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पावलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ईप्सिताच्या दाताचा फोटो आईने कपाटाच्या काचेला लावलाय आणि येईल त्याला दाखवते आहे. डॉक्टर म्हणतो चाला, गुडघा म्हणतो बसा. मी गुडघ्याचं ऐकतो, तो जास्त जवळचा.

उज्ज्वलबद्दल मला काही लिहायचं नाही. त्याने जे केलं ते मला समजत नाही, आणि न समजलेल्या कागदावर मी कधी सही केली नाही. विहाराच्या समितीत लोक विचारतात की मुलाचं लग्न कधी, तेव्हा मी चपला शोधायला लागतो. ही पाळी माझ्यावर त्याने आणली. तो विषय संपला.

पण हे घराचं काय प्रकरण आहे ते नीट कळव. तत्त्व म्हणून विचारतो. घर मालकीचं कोणाच्या? डागडुजी कोण करतं? तिथलं सरकार काय करतंय, झोपा काढतंय? सरकारने लावलेलं लग्न गावची समिती उंबऱ्यावर अडवते, मग त्या देशात सरकार एक आहे की दोन?

घर नाकारणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. नोकरीत नवा होतो तेव्हा बदलीच्या गावी आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी एकजण तयार झाला, पण दारावर पाटी लावू नका म्हणाला, तायडे नाव वाचून बाकीचे भाडेकरू बिथरतील. मी फिरून फिरून दमलो होतो, हो म्हणणारच होतो. तुझ्या आईने ट्रंकेतून पाटी काढली, वरवंट्याने खिळा ठोकला आणि मग चूल मांडली. मालक चार दिवस धुसफुसला. पाटी राहिली, आम्हीही राहिलो.

असो. विचारलेली माहिती कळव. लोभ तुझ्या घरापुरता पूर्ण आहे.

तुझा,
बाबा

*

गेर्लिंगेन,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम. वि. वि.

विषय संपला म्हणता आणि पाठोपाठ प्रश्नांची रांग लावता. आल्झो, म्हणजे तर मग, घ्या उत्तरं.

घर सरकारचं आहे. खरंच सांगते, सरकारचं! दोनशे वर्षांपूर्वी इथल्या राज्याने चर्चच्या जमिनी घेतल्या आणि त्या बदल्यात अशी कितीतरी घरं सांभाळायचं कबूल केलं. ते आजतागायत चाललंय. लिंडेनवाइलच्या फारहाउसचं छप्पर गेल्या वर्षी नवं झालं ते सरकारी खर्चाने, म्हणजे सगळ्यांच्या करातून. मी बौद्ध, उज्ज्वल बौद्ध, आम्ही चर्चचा कर भरत नाही, पण त्या कौलांत आमचाही वाटा आहे. चर्चच्या सभासदांचा करसुद्धा सरकारचंच कर खातं गोळा करून देतं. आणि कोणाला भेदभावाने वागवू नये म्हणून जो कायदा आहे, त्यात धर्मसंस्थांना सवलत आहे. कायदा लिहिताना त्यांचं म्हणणं कानाशी लागून ऐकलं गेलं असणार, दुसरं काय! सरकारने छप्पर शाकारायचं आणि छपराखाली कोण झोपतं हे मात्र चर्चने ठरवायचं.

मी लिंडेनवाइलच्या बुर्गरमाइस्टरला, म्हणजे नगराध्यक्षाला, जाऊन भेटले. फार गोड माणूस. कॉफी दिली, बिस्किटं दिली, आणि म्हणाला की व्यक्तिशः त्याला अतिशय वाईट वाटतं, पण चर्चच्या अंतर्गत बाबीत नगरपालिका पडू शकत नाही. गावचा किंडरगार्टन चर्च चालवतं, पैसा बहुतेक नगरपालिकेचा. उद्या समिती रुसली तर पोरं कुठे ठेवायची, ही त्याची खरी धास्ती. शिवाय निवडणूक तोंडावर आहे आणि हा दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो. बिस्किटं मी खाल्ली नाहीत.

आता वाईट बातमी. समितीला पुरुष जोडीदार कसाबसा गिळता आला असता, पण तो ख्रिस्तीही नाही म्हटल्यावर क्रांत्ससाहेबांना तोडगा सुचला. उज्ज्वलने बाप्तिस्मा घ्यावा. मग गावाला समजावणं सोपं जाईल म्हणे. आणि बाबा, उज्ज्वल तयार झालाय. म्हणतो, कपाळावर चार थेंब पाणी, त्याने कोणाचं काय बिघडतं? योहानेसची आई जिन्यात पडली तेव्हापासून त्याला धीर उरलेला नाही. दर रविवारी येनाला परत जायची गाडी पकडताना त्याचा चेहरा बघवत नाही. मला काय बोलावं कळेना, म्हणून तुम्हाला लिहिते. आईला इतक्यात सांगू नका.

लोभ नेहमीचाच, सध्या रागाने जरा करपलेला.

आपली,
कीर्ती

*

भुसावळ,
२२ फेब्रुवारी २०२५

कीर्ती,

जयभीम. बाकी मायना राहू दे.

चार थेंब पाणी म्हणतो! त्याला विचार, त्याच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती कशासाठी? कोणी घर देऊ केलं होतं? कोणी नोकरी देऊ केली होती? परत आल्यावर गावाने पाणी तोडलं, काम तोडलं, आणि तरी तो माणूस ताठ मानेने चालला. धर्म बदलला तो माणूस म्हणून जगायला. आणि त्याचा नातू खोलीच्या किल्लीसाठी धर्म बदलणार? अरे, लाज वाटली पाहिजे!

मला ख्रिस्ती लोकांबद्दल काही वाकडं नाही. भुसावळच्या रेल्वे शाळेत आम्हाला डिसोझा बाईंनी इंग्रजी शिकवलं, तेच इंग्रजी आयुष्यभर पुरलं. मनापासून कोणी येशूला मानलं तर मी त्याच्या हाताला हात देईन. पण हा क्रांत्स सौदा करतो आहे. माणूस चालत नाही तर निदान माणसाचा शिक्का बदलून द्या, असं म्हणणं आहे त्याचं. पोराला विचार, शिक्का बदलल्यावर पुढची अट कोणती येईल? अट मानणाऱ्याला अटी संपत नाहीत.

आणि ते सरकार! घर आमचं, छप्पर आमचं, पण आत कोण राहतो त्याच्याशी आमचा संबंध नाही. वा रे वा. सवलत कसली, भेदभाव करायचा परवाना आहे तो, आणि सरकार त्यावर दरवर्षी रंगसफेदी करून देतं. तुझा तो बिस्किटवाला नगराध्यक्ष माझ्या हाताखाली असता तर त्याला मालगाडीवर पाठवला असता.

आईला मी सांगितलं. ती जेवली नाही. मग म्हणाली की पोराला आपण एकटं पाडलं म्हणून तो असा वाकतोय. मी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला.

समितीचा, नगराध्यक्षाचा आणि घर ज्या सरकारी खात्याच्या मालकीचं आहे त्याचा पूर्ण पत्ता पाठव. त्या प्रांताच्या बिशपचाही. कशाला ते विचारू नको.

लोभाचं नंतर बघू.

बाबा

*

गेर्लिंगेन,
८ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्ते सोबत जोडले आहेत. काय करणार आहात देव जाणे. देव नाही म्हणाल, तर आई जाणे.

तुमचं पत्र उज्ज्वलला वाचून दाखवायचं मनात होतं, पण त्याआधीच एक गोष्ट घडली. तो योहानेसकडे गेला आणि म्हणाला की तूच मला बाप्तिस्मा दे, घरातल्या घरात उरकून टाकू. योहानेस कधी आवाज चढवत नाही. जेवताना मीठ मागायलासुद्धा तो लाजतो. त्या दिवशी म्हणे इतका चिडला की त्याची आई काठी टेकत खाली आली. त्याने साफ नकार दिला. म्हणाला, घराच्या किल्लीसाठी मी कोणाच्या डोक्यावर पाणी घालणार नाही. ज्याच्यावर माझी श्रद्धा आहे त्याचा तो अपमान, आणि तुझ्या आजोबांचाही. तुझ्या आजोबांचं नाव घेऊन तू मला लग्नाला हो म्हणालास, तेच नाव मी कसं पुसू?

बाबा, आजोबांची गोष्ट उज्ज्वलने त्याला पहिल्याच वर्षी सांगितली होती. तुम्ही आम्हाला सांगायचात तशीच, नागपूरहून येताना गाडीत जागा न मिळाल्याने आजोबा दारात उभे राहून आले त्या तपशिलासकट. तो तुम्हाला भेटलेला नाही, पण तुमचं सगळं त्याला पाठ आहे. एवढंच लिहायचं होतं.

समितीची बैठक आठ एप्रिलला आहे, गावकऱ्यांना खुली. नाही म्हणाले तर योहानेस ही जागा सोडणार, मग त्याची आई पुन्हा एकटी आणि उज्ज्वलने घेतलेली नवी नोकरी मात्र इथे. मी बैठकीला जाणार. रुपेशने माझ्याकडून वचन घेतलंय की मी तोंड उघडणार नाही.

लोभ असाच तापलेला राहो.

आपली,
कीर्ती

*

भुसावळ,
१९ मार्च २०२५

चि. कीर्ती हिस,
आशीर्वाद व जयभीम.

पत्ते मिळाले. स्पीड पोस्टाने काम केलं आहे.

त्या पाद्र्याने पाणी घालायला नकार दिला हे वाचलं. दोनदा वाचलं. तुझ्या आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, असा माणूस आपल्याकडे बघायला आला असता तर आपण चहाबरोबर लाडू ठेवले असते. मी म्हटलं, लाडू तेव्हाही मीच संपवले असते.

बाकी क्षेम. वचन पाळ, तोंड उघडू नको. कागद बोलेल.

बाबा

*

गेर्लिंगेन,
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम, आणि उद्याच्या जयंतीच्या आगाऊ शुभेच्छा. वि. वि.

तुम्ही काय केलंत! अहो, काय केलंत तुम्ही!

बैठक सुरू झाली. क्रांत्ससाहेबांनी चष्मा लावला आणि घसा खाकरून म्हणाले की भारतातून एक अर्ज आला आहे. अर्ज! विषय, संदर्भ, परिच्छेदांना आकडे, खाली प्रत माहितीस्तव तीन ठिकाणी, बिशपलासुद्धा. त्यांनी जर्मन भाषांतर करून घेतलं होतं. चर्चच्या त्या थंडगार हॉलमध्ये तुमचं रेल्वेचं इंग्रजी जर्मनमधून ऐकताना मला हसावं की रडावं कळेना. सदर घर सरकारी मालमत्ता असून विवाह सरकारी कायद्याने झालेला असल्याने सदर जोडप्याला घर नाकारायचे असेल, तर नाकारण्याचे कारण लेखी, सहीनिशी कळवावे. धर्मांतराची अट घातली असल्यास तीही लेखी द्यावी.

आणि त्याआधी, अगदी वर, अर्जदाराचं संबंधितांशी नातं. तिथे तुम्ही लिहिलं होतं: पास्टर योहानेस ब्रेंडल यांचा सासरा.

क्रांत्ससाहेब तो शब्द वाचून थांबले. पुढच्या रांगेतल्या ऐंशीच्या बॉयर्लेबाई मागे वळून मला विचारत्या झाल्या की सासरे नाताळला येणार आहेत का, त्यांना तिखट लागतं का. उज्ज्वल उठला आणि कोट न घालताच बाहेर गेला. मी मागोमाग गेले. भिंतीला टेकून रडत होता, हसतही होता, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता की बाबांनी सासरा लिहिलंय.

तुमच्या प्रतींनी खरी कमाल केली. आपल्याकडे प्रत माहितीस्तव म्हणजे फायलीत जाऊन पडणारा कागद. इथे आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर द्यावं लागतं, असं मानतात लोक! घरमालक खात्याने समितीला पत्र लिहून खुलासा मागवला. नगराध्यक्षालाही समितीकडे विचारणा करावी लागली, आता त्याची बिस्किटं त्यालाच लखलाभ. आणि मग कारण लेखी द्यायची वेळ आली. तोंडी सगळ्यांकडे कारणं होती, सही करायला एकही हात वर येईना. बाप्तिस्म्याचं तर क्रांत्ससाहेब म्हणाले की ती केवळ एक मैत्रीपूर्ण सूचना होती. खोटारडा! माझं वचन आठवलं म्हणून वाचला.

तर संमती मिळाली. एका मताच्या फरकाने. पण ऐका पुढे. गावाच्या भावना जपायच्या म्हणून तूर्तास फारहाउसच्या बेलवर उज्ज्वलचं नाव लावू नये अशी विनंती केलीय. फक्त ब्रेंडल. बाबा, या देशात बेलवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बेलवर नाव नाही तो माणूस त्या घरात राहतच नाही, असा हिशेब आहे. संमती दिली आणि माणूस पुसून टाकला. मी भांडायच्या तयारीत, आणि ही दोघं इतकी दमलीत की चालेल, चालेल, म्हणून मोकळी झाली. उज्ज्वल म्हणतो, राहायला मिळालं ना, नावाचं काय घेऊन बसलीस.

उज्ज्वलने तुम्हाला फोन करायचं धाडस होत नाही म्हणून सांगितलंय. तुम्ही घेणार का, तेही कळवा.

लोभ आता मोजण्यापलीकडे.

आपली,
कीर्ती

*

भुसावळ,
२७ एप्रिल २०२५

चि. उज्ज्वल व चि. योहानेस यांस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

योहानेसला हे पत्र तू वाचून दाखव. रागाचे भाग गाळू नको.

सासरा लिहिलं, कारण नातं नसलेल्याचा अर्ज कोणी वाचत नाही. एवढंच कारण होतं, असं मी तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, मग पोस्टातून येताना पेढे कशाला आणलेत? बाईमाणसापुढे पुरावा लपत नाही.

जयंतीच्या दिवशी विहारात पुन्हा विचारणा झाली. या वेळी चपला शोधल्या नाहीत. सांगितलं की मुलाचं लग्न झालं, जोडीदार पुरुष आहे आणि पाद्री आहे. मग वानखेडेसाहेबांनी काळजीने विचारलं की मुलाने धर्म तर बदलला नाही ना? मी म्हटलं, बदलू दिला नाही, त्या पाद्र्यानेच. त्यावर ते म्हणाले मग ठीक आहे. दोनजण उठून गेले आणि अजून बोलत नाहीत. न बोलोत. जवळजवळ वर्षभर मीही माझ्या पोराशी बोललो नाही आणि त्यात माझंच वाटोळं झालं. योहानेसला सून म्हणावं की जावई, यावर तुझी आई आणि मी अजून भांडतो आहोत. तोवर मुलगा म्हणतो.

आता रागाचा भाग. राहायला मिळालं, नावाचं काय, असं तू म्हणालास? तुझ्या आईपुढे म्हणून बघ. तिला कीर्तीचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती तशीच उठली. चप्पल घातली आणि बाजारात नेमप्लेटवाल्याकडे गेली. पितळी पाटी करून आणली आहे, वर देवनागरीत, खाली त्यांच्या अक्षरांत: तायडे, ब्रेंडल. लाडवांच्या डब्याखाली ठेवून पार्सल केलंय, त्याच घराच्या पत्त्यावर, तुझ्या नावाने. हे पत्रही तिथेच येतंय. नाव नसेल तर परत येईल म्हणतात. परत आलं तर मी पुन्हा पाठवीन, पुन्हा आलं तर पुन्हा. माझ्याकडे वेळ भरपूर आहे आणि गुडघा बसूनच असतो.

बेलच्या खाचेत ती मावणार नाही, दारावर ठोका. सरकारी दाराला खिळा मारायला परवानगी लागत असेल तर कळवा, अर्ज मी करतो. पण आईचा निरोप तसाच्या तसा लिहितो: पाटी आधी लावा, मग चूल मांडा.

फोन कर. मी घेईन.

लोभ दोघांवर सारखा,
बाबा